छपरावरून आलेलं नाताळगीत

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, आणि देवाला — त्याला तर ठाऊकच आहे, म्हणून त्याच्यापुढे मी हा विषयच काढत नाही. तुम्हाला सांगते. हसू आलं तर खुशाल हसा. मलाही येतं, आणि तिथंच तर सगळी पंचाईत आहे.

आम्ही सेलूचे. आमची ख्रिस्ती घरं मोजकीच, त्यामुळे एका घरी लग्न निघालं की सगळ्या घरांत तळण सुरू होतं. डिसेंबर लागला की पेटी, ढोलकी, झांजा घेऊन आम्ही टेंपोत बसतो आणि वालूर, झरी, जिथं जिथं आपलं माणूस आहे तिथं संध्याकाळी जाऊन नाताळची गाणी म्हणतो. करंज्या मिळतात, तुरीच्या उकडलेल्या शेंगा मिळतात, चहा तर इतका की विचारू नका. गळा बसतो, पण मन कसं भरून येतं! वर्षभरातले माझे सगळ्यात आवडते दिवस ते. म्हणूनच — पण थांबा, आधी रिवाज सांगते.

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, दर नाताळाला एका घरानं नवं गाणं द्यायचं असतं. आणि नुसतं द्यायचं नाही. रविवारच्या भक्तीत सगळ्यांसमोर उभं राहून ते गाणं कुठून आलं, याची साक्ष द्यायची. देणारे डोळे पुसतात, ऐकणारेही पुसतात. त्या वर्षी आमच्या घराची पाळी होती आणि सासूबाईंनी ते काम माझ्यावर टाकलं. मी त्यांना आत्याबाई म्हणते. बाई मनानं सोनं, पण जिभेला धार. माझे वडील परभणीला ट्रकचे मेकॅनिक होते, ते वारून वर्ष झालं होतं, तरी आत्याबाई चेष्टेनं म्हणायच्याच, “हिच्या माहेरी गाणं कुठलं, पाना-पक्कड हाय तिथं.” सगळे हसायचे. मीही हसायचे. लागायचं का? लागायचं, हो.

गाणं काही सुचेना. आणि एका दुपारी, भाकरी तव्यावर असताना, मोबाइलवर ते सापडलं.

नाताळची टोपी घातलेला एक गोरा माणूस गिटार वाजवून इंग्रजीत गात होता. चाल अशी गोड की पहिल्या ओळीलाच माझी मान डोलायला लागली. मग शब्दांकडे लक्ष गेलं आणि — भाकरी करपली. ते गाणं एका मारामारीच्या सिनेमावर होतं! नाताळच्या संध्याकाळी गुंड मालगाडी पळवतात, आणि गाडीचा गार्ड एकटाच डब्यांच्या छपरांवरून पळत सगळ्यांना लोळवतो, कारण पुढच्या स्टेशनवर त्याची बायको केक घेऊन थांबलेली असते. ती सगळी हकिकत या पठ्ठ्यानं प्रार्थना केल्यासारखी गायली होती, आणि मधे मधे ठो, ठो, ठो अशा गोळ्या. मी हातात उलथनं घेऊन एकटीच इतकी हसले की शेजारीण डोकावून गेली. तेच गाणं मी दिवसभर ऐकलं. वडील गेल्यापासून इतकी हसले नव्हते.

आणि मग मी ते मराठीत केलं. गुंडांचा सैतान केला, मालगाडीचा अंधार केला, स्टेशनवर थांबलेल्या बायकोची मंडळी केली. छप्पर मात्र जाईना, चालीत इतकं घट्ट बसलेलं. राहू दिलं — “छपरावरून तो आला, तो आला, माझ्यासाठी धावत आला.” गोळ्यांच्या जागी ढोलकीवर तीन थापा.

इथवर काही पाप नाही ना? मलाही तसंच वाटत होतं. भक्तीत गाणं म्हटलं. तिसऱ्या कडव्याला सगळी मंडळी थापांवर टाळ्या वाजवत होती. चर्चच्या पाळकांनी तर ‘छप्पर’ या शब्दावर छोटंसं प्रवचनच केलं — बायबलात पक्षाघात झालेल्या माणसाला छपरातून खाली येशूपुढे सोडलं होतं, ते कसं या गाण्यात आलंय बघा, म्हणाले. आणि मग आत्याबाईंनी भरल्या डोळ्यांनी मला विचारलं, “कुणाचं गं हे? लय गोड हाय.”

एक शब्द पुरला असता. मोबाइलचं. सगळे हसले असते, गाणं तरीही गायले असते. पण मी उभी राहिले आणि साक्ष दिली — माझ्या वडिलांनी रचलेलं आहे, शेवटच्या आजारात त्यांनी मला शिकवलं. डोळेही पुसले. दहा आज्ञांमध्ये खोट्या साक्षीची वेगळी आज्ञा आहे, ती लहानपणापासून मला पाठ आहे. माझ्या वडिलांना साधी शिट्टीसुद्धा सुरात वाजवता येत नव्हती.

तेव्हापासून पाना-पक्कड बंद. दर नाताळाला ते गाणं होतं, त्याआधी माझ्या वडिलांचं नाव घेतात, आणि आत्याबाई सगळ्यांत पुढे बसून टाळ्या वाजवतात. आणि खरं सांगू? मला आनंद होतो. लाज वाटायला हवी तिथं आनंद होतो.

या वर्षी आत्याबाईंनी नवा मोबाइल घेतला. परवा दुपारी त्या तरातरा स्वयंपाकघरात आल्या, हातात मोबाइल, त्यात तोच टोपीवाला. “बघ, बघ! तुझ्या बापाचं गाणं चोरलं की मेल्यानं! फॉरेनला नेऊन इंग्रजीत गायलाय! अन् तू बसलीस काय अशी? बेइमान हायत, बेइमान!” रागानं थरथरत होत्या. माझ्या वडिलांसाठी. ज्यांना त्यांनी एकदाच, लग्नात पाहिलं होतं.

मी काय म्हणाले? “जाऊ द्या, आत्याबाई,” म्हणाले.

त्या कशाला जाऊ देतात! रविवारी भक्तीत उठून उभ्या राहिल्या आणि सगळी चोरी सांगितली. मंडळी खवळली. शेवटी पाळक म्हणाले, आपण राग धरायचा नाही, प्रार्थना करायची. सगळ्यांनी डोळे मिटले. ज्यानं हे गाणं चोरलं, त्याला देवानं सुबुद्धी द्यावी, त्याला क्षमा करावी, अशी लांबलचक, अगदी मनापासून प्रार्थना झाली. आत्याबाईंनी माझा हात घट्ट धरला होता.

सगळे आमेन म्हणाले. मीही म्हणाले, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं.