द्राक्षांचा रेणू

आता स्वतःची फजिती कोण सांगतं? पण चहा तुम्ही पाजताय, म्हणून सांगतो.

आमच्या नाशिकच्या कॉलेजात देवरे मॅडम सेंद्रिय रसायनशास्त्र शिकवतात ते टूथपिकला फळं टोचून. हिरवं द्राक्ष, काळं द्राक्ष, एक बोर, झाला रेणू तयार! तास संपला की पोरं तो खाऊन टाकतात. ह्याला काय शिकवणं म्हणायचं? भेळेची गाडी लावा त्यापेक्षा. मी बघा, संगणकावर गणित करून रेणू काढतो. इलेक्ट्रॉनच्या लाल-निळ्या ढगासकट, पडद्यावर गरगर फिरणारे.

मला हवी होती नवी संगणक प्रयोगशाळा. प्राचार्य म्हणाले, एक तास घेऊन दाखवा, मग मंजूर करतो.

त्या सकाळी छताला टांगलेल्या प्रोजेक्टरचं चित्र डोक्यावर उभं! कुणाला विचारतोय मी? रिमोट घेतला, दिसतील ती बटणं दाबली, चित्र पायावर आलं. फक्त माउस डावीकडे नेला की पडद्यावरचा बाण उजवीकडे पळायचा. म्हटलं, कॉलेजची खरेदी, दुसरं काय होणार!

विषय होता दह्यातलं लॅक्टिक आम्ल. त्याचे रेणू दोन तऱ्हेचे, डाव्या-उजव्या चपलेसारखे. सगळं तेच, पण एक दुसऱ्याच्या जागी बसत नाही. पडद्यावर रेणू फिरवत मी ऐटीत म्हणालो, "हा उजवा."

पिंपळगावची आफरीन उठली. "सर, हा डावा दिसतोय."

"द्राक्षं खाऊन नजर गेलीये तुमची. संगणक चुकत नसतो."

तिने डब्यातून द्राक्षं काढली, मॅडमनी शिकवला तसा उजवा रेणू टोचला आणि पडद्याशेजारी धरला. कसाही फिरवला तरी जुळेना.

"मग तुझी द्राक्षं चुकली," मी म्हणालो आणि चिडून शेवटचं पान लावलं. त्यावर मोठ्या अक्षरात माझं नाव आणि 'धन्यवाद'.

मागच्या बाकावर बसलेल्या प्राचार्यांनी मान वाकडी करून पाहिलं. "गायधनी सर, हे तुमचंच नाव ना? वाचायला आरसा लागेल."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. सकाळी मी चित्र सरळ केलं होतं खरं, पण डाव्याचं उजवं करून! तासभर प्रत्येक रेणू उलटा शिकवला, वर त्या पोरीची अक्कल काढली.

प्रयोगशाळा काही मिळाली नाही. प्राचार्यांनी मला देवरे मॅडमच्या तासाला बसायला सांगितलं. मॅडमनीही मला लगेच कामाला लावलं. आता द्राक्षं मीच निवडून आणतो, आणि उरलेले रेणू खायलाही मीच पुढे असतो.