केस कापण्याआधी तेल

आमच्या ल्हासा जातीच्या कुत्र्याला पहिल्यांदा नंदुरबारला केस कापायला न्यायचं ठरलं, तेव्हा तयारीसाठी मी पंधरा दिवस हाताशी ठेवले. कारण तसंच होतं. घरी कात्री लावताना तो यांच्या अंगठ्याला चावला होता आणि यांनी निकाल देऊन टाकला होता, "आणखी एकदा कुणाला चावला, की मळ्यात. केळीच्या बागेत साखळीला राहील." हे बोलतात ते करतात.

मी वहीत कामं लिहून काढली. रोज दहा मिनिटं कंगवा. कानामागच्या गाठी बोटांनी सोडवायच्या. हेअर ड्रायर आधी लांब, मग जवळ सुरू करायचा, म्हणजे आवाज सवयीचा होतो. लसीचं कार्ड पिशवीत. निघण्याआधी दोन तास खाणं बंद. सगळं जमलं, पंजे सोडून. पंजा धरला की तो दात दाखवायचा.

ठरलेल्या सकाळी गाडीत पिशवी ठेवून आले, तर सासूबाई ओट्यावर शेंगदाणा तेलाची वाटी घेऊन बसलेल्या आणि कुत्रा शेपटीपर्यंत चकचकीत.

"आई, हे काय केलं?"

"चार लोकेसम्हा जाई ऱ्हायना तो. कोरडा कसा धाडू?"

आमच्याकडे लग्नाला काय, दवाखान्यात काय, माणूस तेल लावूनच निघतं. त्यांना आधी सांगायला हवं होतं, ते मला सुचलंच नाही. तेलकट केसांत मशीन अडकतं. बोलायला तोंड उघडलं आणि पाहिलं, पुढचा पंजा त्यांच्या मांडीवर होता. सासूबाई त्याच्या बोटांच्या मध्ये तेल जिरवत होत्या आणि हा डोळे मिटून पडला होता.

"तुम्हाला पाय देतो?"

"तुन्ही वहीले देस नही. मले देस."

मी फोन करून वेळ अर्ध्या तासाने पुढे ढकलली, शाम्पू दोनदा लागेल तेही सांगितलं आणि त्यांना म्हणाले, "लुगडं बदला. तुम्हीपण चला."

केस कापणारी बाई सुरतेला काम शिकून आलेली. अंगावरून हात फिरवून तिने वास घेतला. "आजी, याला तळायचा होता का?" सासूबाईच मोठ्याने हसल्या.

दोन शाम्पूंनंतर पाठ, पोट, कान नीट झाले. पंजा धरला आणि ओठ वर गेला. ती थांबली. "मुसकं घालू?" गाडी चालवत आलेले हे दारातून बघत होते.

"नको," मी म्हटलं आणि सासूबाईंना टेबलाशी उभं केलं. त्यांनी पंजा हातात घेऊन अंगठ्याने चोळायला सुरुवात केली. "दे रे भो, दे." त्यांच्या बोटांच्या मधून कात्री चालली. एक, दोन, चारही.

"चावला?" यांनी विचारलं.

"नाही. पुढच्या वेळीही आजींना आणा," ती म्हणाली. "तेल मात्र घरी ठेवा."

सासूबाई लेकाकडे वळल्या. "आते मळाम्हा कोणले धाडी ऱ्हायना रे तू?"

यांनी कुत्र्याला स्वतः उचललं आणि गाडीत नेऊन बसवलं.