दाजींची नापास मोटार

जगातली कुठलीही वस्तू निर्दोष नसते, हे रोज आठ तास सिद्ध करून त्याचा पगार घेणारा माणूस मी एकच पाहिला: माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे दाजी. पिंपरीच्या एका कंपनीत ते इन्स्पेक्टर होते. दुसऱ्यानं केलेला जॉब, म्हणजे यंत्राचा सुटा भाग, मोजायचा आणि केसभर फरक निघाला की त्यावर लाल खडूनं फुली मारायची, हे त्यांचं काम. घरीही सवय सुटत नसे. भाकरीसुद्धा उजेडाकडं धरून बघत. माझ्या लग्नाची पत्रिका दोन फुल्या मारून त्यांनी मलाच परत दिली होती.

अशा माणसानं एक जुनी निळी मोटार घेतली आणि जाहीर केलं, "दुरुस्ती मीच करणार. मिस्त्री लोक चालवून बघतात, मोजून बघत नाहीत. भाऊबीजेला तुमच्या अक्काला रहाटणीत, माहेरच्या दारात, मोटारीतनं उतरवतो की नाही, बघा!" अडचण एवढीच, की दाजींनी आयुष्यभर फक्त मोजलं होतं, नट कधी फिरवला नव्हता. पहिल्याच गुरुवारच्या सुट्टीत, संत तुकाराम नगरातल्या घरासमोर, त्यांनी चारही प्लग काढून घासले, प्रत्येकाची फट तीनदा मोजली. तारा मात्र, कुठली कुठल्या प्लगची हे न बघता, परत लावल्या त्या लांबीच्या क्रमानं, कारण तसं नीटनेटकं दिसत होतं. चावी फिरवताच असा बार निघाला की समोरच्या गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या बायका धावत खाली आल्या. पुढच्या गुरुवारी तेल बदललं. नवं तेल वरून ओतत होते आणि खालचं बूच त्यांच्याच खिशात होतं.

त्यात कंपनीचा नियम असा, की ज्यानं काम केलं त्यानं ते तपासायचं नाही. म्हणून घरी इन्स्पेक्टर नेमली गेली अक्का. पदराला हात पुसत ती बाहेर येई आणि कमरेवर हात ठेवून इंजिन ऐके.

"काय गं?"

"वाजतंय."

"कुठं?"

"ते तुमी हुडका. मला वाजतंय."

दाजी निमूटपणे स्वतःच्याच बॉनेटवर फुली मारत. मी एकदा म्हणालो, "दाजी, तिला मोटारीतलं काय कळतं?" तर माझ्यावरच उखडले. "इन्स्पेक्टरशी हुज्जत घालायची नसते, राव!"

तीन भाऊबिजा दोघं बसनंच आली. पंगतीत आमचे चुलते दरवर्षी विचारत, "काय जावई, मोटार अजून कामावर रुजू झाली न्हाई व्हय?" दाजी हसत, आणि ताटात निम्मं तसंच ठेवून उठत.

चौथ्या भाऊबीजेला मी सकाळीच अक्काला न्यायला गेलो. दाजी इंजिनावर वाकून कोपरापर्यंत काळे झाले होते. अक्का बाहेर आली. इंजिनात काहीतरी चांगलंच खुळखुळत होतं. मलासुद्धा ऐकू आलं. ती बराच वेळ बघत उभी राहिली, मोटारीकडं नव्हे, दाजींकडं.

"पास," ती म्हणाली आणि पुढच्या सीटवर जाऊन बसली.

रहाटणीत चुलते ओट्यावरून उठून मोटार बघायला आले. त्या गलक्यात मी अक्काला हळूच म्हणालो, "वाजत होतं की गं."

"व्हय," ती म्हणाली. "पर किती वर्सं वाकायचं माणसानं?"

पंगतीत दाजी चार पुरणपोळ्या जेवले. प्रत्येकाला सांगत होते, "इन्स्पेक्टरनं पास केली!" सांगताना अक्काकडं मात्र त्यांनी एकदाही पाहिलं नाही. आवाज त्यांनाही ऐकू आला असणार.