खाली बसायचे नाही

शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी ज्या गोष्टी वर्ज्य सांगितल्या, त्या ऐकून हे गृहस्थ खेड्यात कधी राहिलेले नसावेत अशी माझी खात्री झाली. मांडी घालायची नाही. उकिडवे बसायचे नाही. पाटावर बसायचे नाही. गुडघा कमरेच्या वर जाईल अशा कोणत्याही ठिकाणी बसायचे नाही. पायावर पाय टाकायचा नाही. पडलेली वस्तू वाकून उचलायची नाही. मी विचारले, "मग जेवायचे कोठे?" ते म्हणाले, "टेबलावर." आमच्या गावात त्या काळी टेबले दोन होती. एक शाळेत, दुसरे ग्रामपंचायतीत. दोहोंवर जेवणाची सोय नव्हती.

हे सत्तरच्या दशकाच्या अखेरीचे आहे. जालना जिल्हा तेव्हा व्हायचा होता. मी मुख्याध्यापकाच्या जागेवरून निवृत्त होऊन पिंपळगाव रेणुकाईला घरची शेती पाहत होतो. बैलगाडीतून उतरताना चाकावर पाय देऊ नये, हे मी आमच्या गड्याला अनेकदा सांगितले होते. सांगून समजेना म्हणून एकदा स्वतः चाकावर पाय देऊन दाखवला. बैल पुढे सरकले. मी खाली आलो. गड्याला ते पटले.

खुब्याचा गोळा मोडला होता. औरंगाबादला तो काढून त्या जागी पोलादाचा बसवण्यात आला.

ज्यांच्यावर हा प्रसंग यायचा आहे, त्यांच्यासाठी पुढील काळाचे वर्णन थोडक्यात करतो. प्रथम दोन पायांच्या मध्ये उशी बांधतात आणि उताणे निजवतात. कुशीवर वळता येत नाही. अशा स्थितीत माणसाला छताची चांगली माहिती होते. अन्य प्रगती दिसत नाही. नंतर एके सकाळी परिचारिका येऊन उभे राहा म्हणते. पाय आपला वाटत नाही, शेजाऱ्याकडून मागून आणल्यासारखा वाटतो. टाके काढताना दुखत नाही असे सांगतात. दुखते. सूज येते, ती संध्याकाळी वाढते. भूक मंदावते आणि राग लवकर येतो. राग पूर्वीपासूनचा आहे, असे माझ्या पत्नीने डॉक्टरांना न विचारता सांगितले.

माझी धाकटी मुलगी इस्पितळात सोबत होती. डॉक्टरांचा प्रत्येक नियम तिने मनात पक्का केला आणि घरी आल्यावर माझ्यावर लागू केला. चष्मा पडला की मी हात खाली नेण्याच्या आत माजघरातून आवाज येई, "आण्णा, वाकू नका!" ती भिंतीपलीकडून कशी पाहत असे हे मला समजलेले नाही.

पत्नी म्हणाली, "जल्मात कुणापुढं वाकले न्हाईत. आता डॉक्टरनं बी तेच लिहून दिलं. सोय झाली की तुमची."

घरात हातांच्या दोन खुर्च्या होत्या. प्रातर्विधीसाठी उकिडवे बसणे बंद झाल्याने त्यांपैकी एकीच्या बैठकीला सुताराने गोल भोक पाडले व खाली बादलीची जागा केली. भोक पाडण्यापूर्वी त्याने माझे माप घेण्याचा आग्रह धरला. मी नकार दिला. काम अंदाजाने झाले. दुसरी खुर्ची ओसरीवर ठेवली. तिच्यावर मी बसत असे आणि भेटायला येणारे समोर सतरंजीवर बसत. ही रचना मला शाळेची आठवण देणारी असल्याने गैर वाटली नाही.

भेटायला येणाऱ्यांचे प्रश्न ठरलेले असत. शेजारच्या शेतकऱ्याने विचारले, "गुरुजी, पोलाद म्हंजी गंजन का वो?"

"नाही."

"पावसात भिजले तरी?"

"पाऊस आत जात नाही."

"मंग तेल कुठून सोडत्यात?"

मी त्याला चहा घेऊन जाण्यास सांगितले.

मी वॉकर सोडून काठीवर आलो, त्या सुमारास मुलीसाठी शहागडकडचे एक स्थळ आले. मुलगा अंबड तालुक्यात शिक्षक होता. घर शेतकरी, जुने, मानपान सांभाळणारे. येथे मागील एक हकिगत सांगणे भाग आहे. यापूर्वीचे स्थळ जवळजवळ ठरले होते. बैठकीत मी नवऱ्या मुलाला एकोणतिसाचा पाढा विचारला. तो मध्येच अडखळला. मी त्याला पहिल्यापासून सुरुवात करण्यास सांगितले. मंडळी चहा न घेता गेली. त्यानंतर भावकीत आमच्या मुलीचे नाव निघाले की लोक पाढ्याचीच गोष्ट सांगत, आणि बराच काळ कोणी फिरकले नाही. आता हे स्थळही गेले तर पुढे येणार कोण, हा प्रश्न घरात कोणी उघड विचारत नव्हते. पण भाकरी वाढतानासुद्धा तो ऐकू येत असे. मुलीने मुलाला भोकरदनच्या एका लग्नात पाहिले होते. ती मला एवढेच म्हणाली, "आण्णा, ह्या वक्ताला पाढे इचारू नका." त्यावरून तिची पसंती मला कळली.

मानपानाची व्यवस्था पाहण्यासाठी माझी थोरली बहीण तिच्या गावाहून आली. आमच्याकडे सोयरिकीच्या बैठकीत मुलाकडची मंडळी जाजमावर बसतात आणि मुलीचा बाप जाजमाच्या कडेला, जमल्यास जमिनीवर बसतो. त्याने व्याह्यांपेक्षा उंच बसणे म्हणजे बैठक मोडण्याचेच लक्षण. आक्काने ओसरीवरची खुर्ची पाहिली आणि कपाळावर हात मारला.

"पाव्हणे खाली आन् तू हिच्यावर? पोरीचा बाप हायेस का तहसीलदार?"

"डॉक्टरांची आज्ञा आहे."

"डॉक्टर येनार हाये का बैठकीला? आन् हे बघ, शुभ बोलनीत दवाखान्याचं नाव काढायचं न्हाई. बिलकुल न्हाई. इच्चारलं तर म्हनायचं, बरं हाये."

मी होकार दिला. या विषयात तिचा अधिकार मी मानत असे. तिने तो त्याच संध्याकाळी, मी निजल्यावर, आणखी एका बाबतीत वापरला.

बैठकीच्या सकाळी मी ओसरीवर आलो तेव्हा खुर्ची होती, पण तिला पाय जवळजवळ नव्हते. आक्काने सुताराला बोलावून ते वीतभर ठेवून कापून घेतले होते. वर धुतलेली चादर अंथरली होती.

"बस आता," ती म्हणाली. "बराबर जाजमासंग येतंय. तुझी खुर्ची बी ऱ्हायली आन् पाव्हन्यायचा मान बी."

युक्ती मानपानाच्या दृष्टीने निर्दोष होती. फक्त तिच्यावर बसलो असतो तर गुडघे हनुवटीला लागून पोलादी गोळा खोबणीतून बाहेर आला असता.

आम्ही इतर उपाय पाहिले. भोकाची खुर्ची उंच होती, पण ती बैठकीत आणण्याजोगी नव्हती. तिचा उपयोग साऱ्या गल्लीला ठाऊक होता. बाज मध्ये झोळीसारखी खाली जात असे. माझा लाकडी पलंग आतल्या खोलीतच जोडलेला असल्याने दारातून निघत नव्हता. ओसरीच्या कडेला पाय सोडून बसता आले असते, पण मग पाहुण्यांकडे पाठ झाली असती. तोवर पाहुण्यांची जीप वेशीपाशी आल्याचा निरोप आला.

मुलगी चहाच्या कपबशा घेऊन आली. तिने खुर्चीकडे पाहिले.

"आण्णा, हिच्यावर बसायचं न्हाई."

"तुझी सोयरीक आहे."

"मोडली तर मोडू द्या. बसायचं न्हाई म्हंजी न्हाई."

मी तिला कपबशा खाली ठेवण्यास सांगितले आणि निर्णय घेतला.

मंडळी आली. मुलगा, त्याचे वडील आणि आजोबा. बोलणारे आजोबा होते. मोठा फेटा, पांढऱ्या मिशा, खांद्यावर उपरणे. जाजमावर बसल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी जाजमाच्या कडेला काठी टेकून उभा होतो.

"बसा की गुरुजी."

"उभा बरा आहे."

"आवो, बसा. आमाला आवघडल्यासारखं होऊन राह्यलं."

"नाही. आपण बसा."

आजोबांनी मुलाकडे पाहिले. मुलाने भिंतीकडे पाहिले. आक्काने दाराआडून मला हातवारे केले, त्यांचा अर्थ मी लावला नाही. पोहे आले. पाहुण्यांनी बसून खाल्ले, मी बशी ओसरीच्या कोनाड्यात ठेवून उभ्याने खाल्ले. शेतीची चौकशी झाली, मी उभ्याने उत्तरे दिली. मुलगी येऊन पाटावर बसली. तिला स्वयंपाक, शिवण, शाळा विचारून झाले. तिची नजर खाली असावी अशी पद्धत होती. ती सबंध वेळ माझ्या पायाकडे पाहत होती. पाय एव्हाना थरथरू लागला होता. उभे राहण्याचा माझा सराव अद्याप तितका नव्हता.

मग आजोबा म्हणाले, "तुमाला काही इचारायचं आसंल तर इचारा पोराला. शिकेल माणूस हायेत तुमी."

आतले पातेल्यांचे आवाज थांबले. मुलगा सावरून बसला. गणिताचा शिक्षक होता. एकोणतिसाचा त्याला येत असावा. मला ते निश्चित जाणून घ्यायचे होते.

"काही नाही," मी म्हणालो.

मुलीने श्वास सोडलेला मला ऐकू आला.

आजोबांनी अडकित्ता खाली ठेवला. "गुरुजी, एक गोष्ट सांगतो. मागं एका ठिकानी गेल्तो. पोरीचा बाप लोडाला टेकून बसला, आमी आलो तरी हालला न्हाई. आमी तिथूनच माघारी आल्तो. आन् तुमी, येवढे मुख्याध्यापक, आमी आल्यापून उभे. पाय कापून राह्यले तुमचे, पर बसले न्हाईत. आसा नम्र माणूस म्या माझ्या उमरीत पाह्यला न्हाई. आमाला पोरगी पसंत हाये."

नम्र हा शब्द ऐकताच माझी पत्नी पदर तोंडाशी धरून आत गेली. पाहुण्यांना वाटले तिला रडू आले.

सुपारी फुटली. मंडळी गेल्यावर मला तिघांनी उचलून पलंगावर नेले. आक्का म्हणाली, "पाह्यलं? मानपान म्हंजी काय आसतंय!" कापलेली खुर्ची तिने स्वतःला भाजी निवडायला घेतली आणि जाताना सोबत नेली.

लग्न आमच्या दारात झाले. विधींना बसण्याचे काम माझ्या धाकट्या भावाने केले. मी मांडवाच्या खांबाशी उभा होतो. आलेल्या प्रत्येक वऱ्हाड्याला आजोबा मला दुरून दाखवत आणि काहीतरी सांगत. वऱ्हाडी मान डोलावत. अनोळखी माणसे येऊन माझ्या पाया पडली.

निघण्याची वेळ आली. मुलगी रडत माझ्या पाया पडली. ती उठताना मुंडावळीची एक सर तुटून माझ्या पायाशी पडली. मी काठी डाव्या हातात घेतली आणि उजवा खाली नेला.

"आण्णा, वाकू नका!"

बायकांचे रडणे थांबले. मुलीच्या गालांवर पाणी तसेच होते, आवाज मात्र माजघरातला. "गोळा निसटंल ना! कितींदा सांगायचं?"

आजोबा जवळच होते. "कसला गोळा?"

आता लपवण्याचे कारण उरले नव्हते. मी सांगितले. खुबा, पोलाद, डॉक्टरांची मनाई.

"म्हंजी त्या दिशी तुमी..."

"बसता येत नव्हते."

आजोबा माझ्या कानाशी आले. हळू आवाजात म्हणाले, "गुरुजी, हे दुसऱ्या कोनाला सांगू नका. म्या गोदाकाठच्या समद्या गावायला सांगून बसलोय." आणि एकदम मोठ्याने ओरडले, "आरं, बघता काय? खुर्ची आना गुरुजीला!"

घरात खुर्ची एकच उरली होती. कोणीतरी ती आणली. मांडवातल्या सगळ्यांनी तिची बैठक पाहिली. आजोबांनीही पाहिली. त्यांनी खांद्यावरचे उपरणे काढले, चौघडी केली, भोकावर नीट अंथरले आणि हाताने दाबून पाहिले.

"बसा आता, व्याही."

मी बसलो. मुलीने मुंडावळीची सर उचलून माझ्या हातात दिली आणि ती जीपमध्ये चढली. जीप निघाली तेव्हा सारा गाव उभा होता. बसलेला मी एकटाच.