डाव्या हाताची सुरी

आमच्या शेताच्या पलीकडच्या बांधाला रंभाजी तात्यांची वस्ती आहे. मध्ये एक पाट, दोन लिंबं आणि त्यांचा ऊस. भागीरथीकाकू होत्या तोवर तिकडून दिवसभर आवाज यायचा. शेळ्यांना शिव्या, तात्यांना शिव्या, मधूनच देवाचं नाव. वैशाखात काकू गेल्या. तेव्हापासून सकाळी तुळशीला पाणी घालताना मी आधी तिकडे बघते. चुलीचा धूर दिसला की मग हात जोडते. देव रागावत नसावा.

काकू जायच्या तीन-एक वर्षं आधी तात्यांना लकवा मारून गेला. वाकडं झालेलं तोंड सरळ झालं, पाय ओढत का होईना चालायला लागला, उजवा हात मात्र गेला तो गेलाच. पण काकू होत्या, म्हणून हात गेल्याचं तात्यांना फारसं कळलं नाही असं मला वाटतं. कडब्याची पेंढी ते पायाने दाबून धरायचे, बंध काकू कापायच्या. फांदी ते वाकवायचे, तोडायच्या काकू. कांदा चिरणं, खताच्या गोणीचं तोंड सोडणं, शेळीच्या खुरातला काटा काढणं. दिवसात माणसाला किती वेळा काहीतरी कापावं लागतं, हे दोन्ही हात धड असतात तोवर ध्यानात येत नाही.

त्यांचा मुलगा पंकज चाकणला कंपनीत आहे. तेरावा उरकल्यावर त्याने सगळ्यांसमोर विषय काढला.

"तात्या, शेळ्या आणि कालवड घोडेगावच्या बाजारात घालू. तुम्ही चला माझ्याकडं."

"तिथं काय करू?"

"काही करू नका. बसा. टीव्ही बघा."

"ते हितं बी करता येतं."

"आणि इथं भाजी कोण चिरून देणार? सुरेखावहिनी?"

"देईन की," मी म्हटलं.

"तिला तिचं घर हाय," तात्या म्हणाले. "माझं मी करीन."

"करीन, करीन! एका हातानं?"

"दुसरा काय गहाण न्हाई ठेवला. हाय तो बी."

लोक हसले, पण पंकज हसला नाही. शेवटी दसऱ्यापर्यंत बघायचं ठरलं. तात्यांचं एकट्याने निभलं तर ते इथेच राहतील. नाही निभलं तर दसऱ्याला पंकज येईल, जनावरं विकेल आणि त्यांना घेऊन जाईल.

तेव्हापासून तात्या योग्य पात्याच्या शोधात लागले. विळा त्यांच्या डाव्या हाताला जमेना, तो उलटा पडायचा. कोयता जड. आधी त्यांनी गावातून एक मिटता चाकू आणला. तो उघडायला दोन हात लागतात. तात्या तो दातांनी उघडायचे. एकदा मी भाकरी घेऊन गेले तर दातांत चाकू धरून बसलेले.

"अहो तात्या, ओठ कापेल!"

चाकू तोंडातून काढून म्हणाले, "दात हायेत तवर उघडंल. मग बघू."

हे मी फोनवर पंकजला सांगितलं. त्याने आठवड्याभरात कुरिअरने एक चाकू पाठवला. काळा कुळकुळीत, जाडजूड, पाठीला करवतीसारखे दात, आणि रबरी मूठ. फोनचा स्पीकर लावून तात्यांनी त्याची माहिती घेतली.

"न मिटणारा आहे, तात्या. कॅम्पिंगचा. लोक डोंगरात तंबू ठोकून राहतात ना, ते वापरतात. एकच चाकू, सगळी कामं."

"तंबू ठोकून? का, घरं न्हाईत व्हय त्यान्ला?"

"आहेत हो. हौसेनं जातात."

"कोण हौसेनं उघड्यावर झोपतं?"

पलीकडून सूनबाई रश्मीचा आवाज आला. "तुम्ही कुठं घरात झोपता, तात्या? तुमचं तर बारमाही कॅम्पिंग चालू आहे."

ते खरं होतं. काकू गेल्यापासून तात्यांनी घराला कडी घातली होती आणि बाज गोठ्याच्या पडवीत आणली होती. उसात बिबट्या आहे, शेळ्यांना राखण पाहिजे, असं सांगायचे. चूलही तिथेच मांडली होती, तीन दगडांची. घरात का झोपत नाही, असं मी काही विचारलं नाही.

तो चाकूही लागू पडला नाही. म्यानाला टचबटण होतं. एका हाताने म्यान दाबून धरायचं, दुसऱ्याने बटण काढायचं. तात्या म्यान मांडीखाली दाबून धडपडायचे. पातं इतकं जाड की कांदा चिरायच्या ऐवजी फुटायचा. पाठीच्या दातांत कडब्याचे तुकडे अडकून बसायचे. "लाकडं फोडाया बरा हाय," असं म्हणून त्यांनी तो खुंटीला टांगला. पंकजने विचारलं तेव्हा मात्र "झाक हाय" म्हणून सांगितलं.

गणपती उठल्यानंतरच्या बाजाराला आमचे हे घोडेगावला निघाले होते. तात्याही जीपमध्ये बसले. मला घटाची परडी आणि खण घ्यायचा होता म्हणून मीही होते. बाजाराच्या कडेला बन्सी लोहाराचं पाल असतं. बन्सी सांडशीने लोखंड धरतो आणि त्याची बायको रतनबाई घण मारते. तिच्या हातातल्या हिरव्या बांगड्या कशा फुटत नाहीत, देव जाणे.

तात्यांनी मनात सगळं पक्कं करून आणलं होतं. पातं वीतभर, जास्त नको, नाही तर मनगट दुखतं. पात्याचं लोखंड मुठीच्या शेवटापर्यंत गेलेलं, म्हणजे फांदी तोडताना मूठ निसटायची नाही. मूठ बाभळीची, जाड. आणि म्यान जुन्या पट्ट्याचं, तोंड उघडं, ओढली की सुरी हातात.

"नवरदेवाला मुलगी बघायला आला का काय, तात्या?" रतनबाई म्हणाली. "हे असं पायजे, ते तसं पायजे!"

"बघून घेतलेली बरी. ऱ्हायाचं तिच्यासंगट हाय."

बन्सीने गाडीच्या स्प्रिंगच्या पाट्याचा तुकडा काढला. तो लाल झाला, ठोकला गेला, लांब झाला. पाणी पाजलं तेव्हा चर्र करून वाफ निघाली. मग त्याने सहाणेवर धार काढली आणि आपल्या हातावरचे केस उडवून दाखवले. भोवती माणसं जमलीच होती. एकाने दोर कापून बघितला. आमच्या ह्यांनी उसाचं कांडं सोललं. "लई भारी झाली," सगळे म्हणाले. कुणी पातं उन्हात धरून बघितलं, कुणी नखावर टेकवलं.

तात्यांनी एकदाही हातात घेऊन चालवली नाही. मला तेव्हा वाटलं, खूश आहेत म्हणून नुसते बघतायत. चार माणसांत डाव्या हाताची धडपड दाखवायची नव्हती, हे मला फार उशिरा कळलं. बन्सीने सुरी जमिनीवर ठेवली, कारण पातं कुणी हातातून हातात देत नाही, त्याने भांडण होतं म्हणतात. तात्यांनी ती वाकून उचलली आणि सरळ म्यानात घातली.

मग चार-पाच दिवस तात्या आमच्याकडे फिरकले नाहीत. मी दोडक्याची भाजी घेऊन गेले. पडवीत शेळ्यांपुढे बाभळीच्या फांद्या पडल्या होत्या, त्यांची टोकं चावल्यासारखी, चिंधड्या झालेली. तात्यांच्या गुडघ्याला फडकं बांधलेलं.

"काय झालं?"

"काय न्हाई."

"सुरी कशी आहे?"

"झाक हाय."

पंकजला सांगितलं होतं तेच मला. मी म्हटलं, "तात्या, मी पंकज नाही."

मग त्यांनी भोपळा पायाशी घेतला आणि सुरी चालवून दाखवली. पातं भोपळ्यात सरळ जाईना, बाहेर पळायचं, सालीवरून घसरायचं. तिसऱ्या वेळी ते गुडघ्यावरच येता येता राहिलं.

"बन्सीनं धार एकाच बाजूनं काढली," तात्या म्हणाले. "विळ्याला काढत्यात तशी. उजव्या हाताची. त्याचा तरी काय दोष, जन्मभर विळेच केलेत त्यानं. हात आपसूक तसाच फिरला."

"मग न्या की परत! हे नेतील तुम्हाला."

"नगं."

"का पण?"

"सगळ्यांनी चालवून बघितली, भारी म्हनले. मी तिथंच हुतो, सुरेखा. माझ्यासाठी व्हती ना ती? मीच हातात घेतली न्हाई. आता कोनच्या तोंडानं जाऊ?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "पंकजला सांगू नगंस."

मी सांगितलं नाही. देवासमोर बसले की मात्र मन खायचं. पंकज रोज फोन करायचा, तात्या कसे आहेत, आणि मी म्हणायची, बरे आहेत.

घट बसले. माझे नऊ दिवसांचे उपवास होते, अखंड दिवा होता, तेल बघायला सारखं उठावं लागायचं. त्या दिवसांत तात्यांच्या वस्तीवरून एक आवाज यायला लागला. खर्र, खर्र, मग थांबायचा, मग पुन्हा खर्र. मी साबुदाणा द्यायच्या निमित्ताने गेले. तात्यांनी पाटाकडेचा एक सपाट दगड आणला होता. तो दोन्ही पावलांत घट्ट धरून, पाणी शिंपडून, डाव्या हाताने सुरीची दुसरी बाजू घासत होते. पाट्याचं लोखंड लवकर झिजत नाही. थोडं घासायचे, मग बोट फिरवून बघायचे, मग पुन्हा.

"आमच्या ह्यांना सांगू का? मशीनवर पाच मिनिटांचं काम आहे."

"मशीन गरम करतंय, पानी उतरतं धारेचं." मग दगडावर पाणी शिंपडत म्हणाले, "आन पाच मिंटात झालं, मंग दिवसभर काय करू?"

मी साबुदाणा ठेवून आले.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. काकू दरवर्षी करायच्या, म्हणून यंदा मी हळदकुंकू घेऊन गेले. तात्यांनी पडवीत लाकडी पाटावर सगळं मांडलं होतं. विळा, कोयता, कुऱ्हाड, काकूंचं खुरपं, पंकजने पाठवलेला चाकू, मधोमध सुरी. आता दोन्ही बाजूंनी सारखी चमकत होती. मी झेंडू वाहिला, नारळ फोडला. आज कुठल्याच हत्याराला हात लावायचा नसतो, एक दिवस त्यांना विसावा.

दुपारी पंकज आणि रश्मी मोटारसायकलवर आले. रश्मीने पडवी बघितली, तीन दगड बघितले आणि पंकजकडे बघितलं. पंकज म्हणाला, "तात्या, उद्या सकाळी व्यापाऱ्याला बोलावलंय. नुसता बघून जाईल."

"दसरा उद्या हाय."

"म्हणूनच म्हणतो, तयारी असावी."

तेवढ्यात कालवडीचं ओरडणं ऐकू आलं, घुसमटल्यासारखं. आम्ही सगळे धावलो. तिने खुंट्याभोवती फेरे घेऊन नायलॉनचं दावं मानेला आणि पुढच्या पायाला आवळून घेतलं होतं. ती पडली होती, जीभ बाहेर. पंकज गाठ सोडायला गेला, तशी ती झटके द्यायला लागली, गाठ आणखी बसली.

"विळा आणा कुणीतरी!"

विळा पाटावर होता. हळदीकुंकवातला. मी जागीच थांबले. तोवर तात्या पाय ओढत आत गेलेही होते. येताना हातात सुरी होती, झेंडूची पाकळी पात्याला चिकटलेली.

"तात्या, आज..." माझ्या तोंडून निघून गेलं.

"माफ करंल ती. तिला बी कालवड ठाऊक हाय." देवी म्हणाले की काकू, कळलं नाही.

ते कालवडीच्या खांद्यावर गुडघा टेकून बसले. पंकजला म्हणाले, "बाजूला हो." दावं आणि कातडी यांच्यात बोट शिरायला जागा नव्हती. तात्यांनी पातं आडवं सरकवलं, धार बाहेर फिरवली आणि ओढली. या वेळी पातं पळालं नाही. एक ओढ, दुसरी, आणि दावं सुटलं. कालवडीने मोठा श्वास घेतला आणि अंग झाडून उठली. तिच्या मानेवर रक्ताचा थेंबसुद्धा नव्हता.

पंकज बराच वेळ तात्यांच्या हाताकडे बघत राहिला. मग त्याने खिशातून मोबाईल काढला आणि व्यापाऱ्याला सांगितलं, नको येऊ.

मी सुरी पुसली, पुन्हा हळदकुंकू लावलं आणि पाटावर ठेवली. मनातल्या मनात मी फार आनंदले होते.

दुसऱ्या दिवशी सोनं वाटून झालं. पुरणपोळी आमच्याकडे झाली. निघताना पंकज तात्यांच्या पाया पडला. चेहरा मोकळा झाला होता त्याचा. "तात्या, डोक्यावरचं ओझं उतरलं बघा. मी रोज घाबरून फोन करायचो. आता काळजी नाही."

"कशाची काळजी."

"मग असं करतो, दिवाळीला रश्मीच्या माहेरी जाऊन येतो. दोन वर्षं गेलो नाही. तुम्ही चाकणला असाल म्हणून थांबणार होतो. पण आता तुमचं जमतंयच."

"जमतंय की," तात्या म्हणाले. "जा."

"उन्हाळ्यात येतो निवांत."

"या."

मोटारसायकल पाटाच्या कडेने गेली. रश्मीने एकदा मागे वळून हात केला. धूळ बसेपर्यंत तात्या तिथेच उभे होते. मी म्हटलं, "जिंकलात की तात्या."

"व्हय." मग म्हणाले, "त्याच्या घराला गॅलरी हाय म्हनं."

"हो, सांगत होता. सकाळचं ऊन येतं."

"शेळ्या ऱ्हायल्या नसत्या तिथं."

"नाही."

"कालवड तर न्हाईच न्हाई."

"नाही ना."

तात्यांनी मान हलवली, जणू हिशेब बरोबर निघाला. चहाला चला म्हटलं, तर नको म्हणाले, शेळ्यांना पाला टाकायचा आहे. पाला सकाळीच टाकलेला मी बघितला होता. तरी ते बाभळीखाली गेले, एक फांदी पायाखाली धरली आणि चारचार बोटांचे तुकडे करत बसले.