पाहून घेतो

वहिनीचा फोन आला तेव्हा मी दुकानात गिऱ्हाइकापुढे ब्लाऊजपीस उलगडत होते. दादा कोर्टात जायला निघाला होता, शर्टाची बटणं लावता लावता पलंगावर बसला आणि बसला तो बसलाच. वहिनी रडत नव्हती. "तुम्ही या, बाकीचं आपण पाहून घेऊ," एवढं ती म्हणाली आणि तिकडे एकदम गप्प झाली. मीही गप्प. आम्ही दोघीही एका शब्दाची वाट पाहत होतो, आणि तो बोलणारा आतल्या खोलीत निपचित पडला होता.

तो शब्द म्हणजे "कवा?" माझा भाऊ मनोहर, तुमसरच्या कोर्टात सगळी हयात वकिली केलेला माणूस. बोलायचा अगदी शहरी, कोर्टात तर पुस्तकी. पण घरात कोणी "पाहून घेतो" म्हटलं की हा पेपरातून डोकं वर न काढता खेड्यातल्या बाईच्या सुरात विचारायचा, "कवा?" नळवाला असो, जावई असो, कुणाची गय नव्हती. माझ्या नवऱ्याने तर त्याच्यासमोर हे दोन शब्द उच्चारणंच सोडून दिलं होतं. आम्हाला ती गंमत वाटायची. त्याला जाऊन महिना होऊन गेला, अजूनही कोणी "पाहून घेतो" म्हटलं की माझी मान आपोआप त्याच्या खुर्चीकडे वळते. परवा तर मला तो सूर नीट ऐकू आला. मनाचे खेळ, दुसरं काय.

त्याच्याकडे मोठे खटले फारसे नसत. धानाच्या बांधीत शिरलेले बैल, लग्नाच्या दिवशी न आलेला मंडपवाला, शेजाऱ्याच्या भिंतीवर सोडलेलं मोरीचं पाणी, असलीच भांडणं घेऊन लोक यायचे. तो मला सांगायचा की भांडण कितीही गुंतलेलं असो, शेवटी दोनच पिशव्या असतात. कुणी काही कबूल केलं आणि पाळलं नाही, ही पहिली. ट्रॅक्टरवाला चिखलणीला येतो म्हणाला, आला नाही आणि इकडे धानाची रोपं, रोवणीचे पऱ्हे, वाफ्यातच म्हातारे झाले, तर तो पहिल्या पिशवीत. दुसरी पिशवी न बोललेल्या गोष्टींची. बैलवाल्याने शेजाऱ्याला काही कबूल केलेलं नसतं, तरी आपले बैल सांभाळणं त्याच्याच गळ्यात असतं. "माणूस जे बोलतो त्याला बांधलेला असतो," तो म्हणायचा, "आणि जे बोलत नाही, त्यालाही थोडा बांधलेलाच असतो." मी त्याला चिडवायची की अशाने माणसाने जगायचं तरी कसं. तो हसायचा नाही.

त्याच्या ह्या न हसण्यामागचं कारण मला फार उशिरा कळलं. एका दुपारी वीज गेलेली, दुकानात कुणी नाही, दादा नेहमीसारखा लाल कापडाचे उरलेसुरले तुकडे मागायला आला होता. कोर्टाच्या कागदांचे बस्ते लाल कापडात बांधतात, त्यासाठीच नेत असेल म्हणून मीही ते बाजूला काढून ठेवायची. त्या दिवशी तुकडे मांडीवर घेऊन तो बसून राहिला आणि आपणहून बोलू लागला. वकिलीच्या सुरुवातीच्या वर्षांत त्याने एका ठेकेदाराची बाजू लढवली होती. सिहोऱ्याकडे रस्त्याच्या कामासाठी त्या ठेकेदाराने मुरूम काढला होता, आणि तळ्याच्या पाळीखालून शाळेला जाणाऱ्या पायवाटेलगत खोल खड्डा पडला होता. पावसाने तो भरला. सगुणाबाई नावाच्या बाईची मुलगी त्यात बुडाली. सगुणाबाईने दावा लावला आणि दादाने तो हाणून पाडला.

"जागा खाजगी होती. मी तिला विचारलं, तुमची मुलगी तिथे गेलीच कशाला?" दादा सांगत होता. त्यावर ती बाई म्हणाली होती, "वाट जुनीच होती साहेब, खड्डा नवा होता." खड्डा पडल्यावर ती मुलीला लांबच्या रस्त्याने स्वतः शाळेत सोडायची. खड्ड्याबद्दल ठेकेदाराला सांगायला गेली तेव्हा तो "पाहून घेतो" म्हणाला, म्हणून तिने सोडणं बंद केलं. सगळा दावा ह्या एका गोष्टीवर उभा होता. ती हे सांगायला लागली तेव्हा दादाने तिला अडवलं, विचारलं तेवढंच सांगा म्हणाला. मग त्याने विचारलं, पाहून घेतो म्हणजे काय करतो म्हणाला? बुजवतो म्हणाला? कुंपण घालतो म्हणाला? बाईला एकाचंही उत्तर देता आलं नाही. "ही नुसती बोलण्याची रीत आहे, कबुली नाही, असं मी कोर्टाला पटवलं. तिच्या वकिलाला पुढचं सुचलं नाही. मला सुचत होतं... पण मी समोरच्या बाजूला होतो ना."

मी पाणी दिलं, ते त्याने तसंच बाजूला ठेवलं. निकालानंतर कोर्टाच्या पायऱ्यांवर ती बाई समोर आली, तेव्हा काय बोलावं न सुचून तो तिला म्हणून गेला होता, "बाई, त्या खड्ड्याचं मी पाहून घेतो." तेच शब्द. जे शब्द म्हणजे काहीच नाही हे त्याने त्याच कोर्टात सिद्ध केलं होतं. "मग ती काय म्हणाली?" मी विचारलं. "एकच शब्द बोलली," तो म्हणाला. तेवढ्यात वीज आली, गिऱ्हाईक आलं, आणि दादा तुकडे पिशवीत कोंबून निघून गेला. कुठला शब्द, ते मी पुन्हा कधी विचारलं नाही.

तेरवीच्या दिवशी पंगती उठल्यावर एक म्हातारी अंगणात येऊन भिंतीला टेकून बसली. जेवली नाही. नाव विचारलं तर म्हणाली, सगुणा. माझ्या हातातलं ताट तसंच राहिलं. तिने मोजकंच सांगितलं. खड्डा अजून तसाच आहे, आता त्याची बोडी झाली आहे, लहानसं तळंच, गुरं पाणी पितात, पोरं अजून त्याच वाटेने शाळेत जातात. ठेकेदार कधीच गेला. तुमचे साहेब तेवढे येत, काठीला लाल चिंधी बांधून काठावर रोवून जात. उन्हाने तिचा रंग उडाला की पुन्हा येत. म्हणजे माझ्या दुकानातलं लाल कापड एकाही बस्त्याला कधी लागलं नव्हतं... मी धीर करून विचारलं, तुम्ही दादाला माफ केलं होतं का?

"मले त्याहीनं माफी मांगितली नाही, मी देल्ली नाही," ती म्हणाली. "माही पोरगी गेली, ते काई चिंधीनं येते का? पन काठी पडली आता वाऱ्यानं. पोरं तर रोजच जाऊन राहिले."

"तुम्ही काळजी करू नका बाई, मी पाहून घेते," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार? आपल्या तोंडात तेच बसलेलं असतं.

तिने मान वर केली नाही. चिडलीही नाही.

"कवा?"

तोच सूर, तंतोतंत. इतकी वर्षं आम्ही ज्याला हसलो, तो शब्द दादाचा नव्हताच. त्याने तो कोर्टाच्या पायऱ्यांवरून घरी आणला होता, आणि रोज कुणाच्या ना कुणाच्या निमित्ताने तो स्वतःलाच विचारत होता. मला तिथेच रडू कोसळलं, दादा गेल्यानंतरचं पहिलं. ती मात्र उत्तराची वाट पाहत बसून होती.

मी आत जाऊन दादाच्या स्कूटरची किल्ली आणली. डिक्की उघडली तर आत माझ्याच दुकानातली लाल चिंध्यांची घडी, सुतळी आणि कोयता. "आत्ताच," मी म्हटलं, "बसा मागे." पाळीखाली पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. मी पडलेली काठी पुन्हा रोवली, चिंधी बांधली. सगुणाबाईने जवळ येऊन गाठ ओढून पाहिली, मग तिने ती सोडली आणि स्वतःच्या हाताने पुन्हा घट्ट बांधली.

पुढची चिंधी धान कापणीला आलं की बदलायची आहे. मी तिला दिवस सांगून ठेवला आहे.