दोन माणसांचा नियम

आमच्या कचेरीत तिला सगळे टाचणी म्हणत. कागद टाचायचं काम तिच्याकडे होतं, आणि तिचं बोलणंही टोचायचं. संसदेच्या संरक्षण समितीच्या शाखेत ती चौदा वर्षं माझ्यासमोरच्या टेबलावर बसली. अण्वस्त्रं कुठे ठेवलीत, ती कोण राखतं, नवी कशाला हवीत, हे अकरा सभासदांनी सरकारला विचारायचं असतं. काय विचारायचं ते मात्र बहुतेक वेळा आमच्यासारखी माणसं आधी लिहून देतात. टाचणीने लिहिलेले प्रश्न सभासद डोळे झाकून वाचत, कारण त्यात कधी खोट निघाली नव्हती.

ती ही शाखा मागून घेऊन आली होती, हे मला फार उशिरा कळलं.

तिचा थोरला भाऊ अण्वस्त्रांच्या भांडारात क्रेन चालवायचा. तिथे एक नियम होता: जिथे अस्त्र आहे तिथे एकट्या माणसाने पाऊल टाकायचं नाही. दोघांनी जायचं आणि एकमेकांवर नजर ठेवायची. माणसाचा हात चुकतो, कधी डोकंही फिरतं, म्हणून हा नियम. पण कमी माणसांत काम करून दाखवायची भांडारप्रमुखाला हौस होती. त्याने निम्मी माणसं हलवली, आणि दुसऱ्याची सही नुसती कागदावर होऊ लागली. अशाच एका दुपारी दादा एकटा असताना साखळी सटकली आणि एक अस्त्र हातभर उंचीवरून खाली आदळलं. स्फोट झाला नाही. कवचाला पोचा आला, चौकशी लागली.

चौकशीत प्रमुखाने सांगितलं की कामावर दोघं होते, ह्याने जोडीदाराला चहाला पिटाळलं आणि एकट्याने निष्काळजीपणा केला. जोडीदाराने मान डोलावली. दादाची नोकरी गेली. आठ दिवसांत सरकारी घर सोडावं लागलं. शहराला मरणाच्या दारात नेणारा म्हणून पेपरात त्याचा फोटो आला, आणि त्याच्या मुलीशेजारी वर्गात कुणी बसेना. तेव्हापासून दादा घरी बसून पंखे आणि मिक्सर दुरुस्त करायचा. कुणी बोलायला आलं की मान खाली घालून स्क्रू पिळत राहायचा. चौकशी समितीकडे अर्ज करू या असं वहिनी म्हणाली, तर त्याने तिला गप्प बसवलं.

टाचणी तेव्हा संसदेच्या ग्रंथालयात कामाला होती. दादाचं घर सुटलं त्याच आठवड्यात तिने बदलीचा अर्ज टाकला.

तिने डूख धरला होता. भांडारप्रमुखाला कोणत्या साली कोणती बढती मिळाली, हे तिला तोंडपाठ होतं. "तो मरायला नकोय मला," ती एकदा डबा खाताना म्हणाली. "शपथ घेऊन खोटं बोलताना सापडायला हवाय." ती कोणाबद्दल बोलतेय हे तेव्हा मला कळलं नाही, आणि मी विचारलंही नाही.

चौदाव्या वर्षी तो माणूस समितीपुढे यायचं ठरलं. आता तो मंत्रालयात सल्लागार होता आणि नव्या भांडाराची योजना घेऊन येणार होता. यंत्रं जास्त, पहारेकरी निम्मे. समितीने मंत्रालयाकडून कागद मागवले. मागणीची यादी टाचणीने केली. एकतीस बाबी, त्यात सव्विसावी जुन्या भांडाराच्या दरवाजावरची ये-जा वही. मंत्रालयाने न बघता खोकी भरून पाठवली. ज्या खोलीत शिरताना फोन बाहेर ठेवावा लागतो, तिथे ती तीन आठवडे बसली. तिला हवं ते पान मिळालं. त्या दुपारी आत एकच माणूस गेला होता. जोडीदार शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयात होता, आणि त्याच्या रजेच्या अर्जावर मंजुरीची सही खुद्द भांडारप्रमुखाची होती.

ज्या कागदांवर प्रश्न येणार ते साक्षीदाराला दोन दिवस आधी पाठवावे लागतात. तिने पाठवले. तीनशे चाळीस पानांचा गठ्ठा होता, आणि ती दोन पानं नळजोडणीचे नकाशे आणि आग विझवायच्या बादल्यांची तपासणी यांच्यामध्ये लावली होती.

"नियम मोडला नाही मी," ती नंतर मला म्हणाली. "तो वाचणार नाही हे मला माहीत होतं, एवढंच."

सुनावणी बंद दाराआड झाली. ध्वनिमुद्रणाचं यंत्र माझ्याकडे होतं. अध्यक्षबाई पूर्वीच्या शाळामास्तरीण, आवाज कधी चढवायच्या नाहीत. पहिले तीन प्रश्न योजनेचे होते आणि त्याने ते हसतखेळत सोडवले. मग बाईंनी चौथा वाचला. त्याच्या कारकिर्दीत अस्त्राजवळ कधी एकट्या माणसाला कामाला पाठवलं होतं का?

"एकदाही नाही."

"अपघाताच्या दिवशीसुद्धा?"

"त्या दिवशीही दोघं होते, बाई. बेजबाबदार माणूस होता तो. मीच त्याला घरी बसवला."

"पान दोनशे बारा काढा," बाई म्हणाल्या. "मग दोनशे तेरा."

तो पानं उलटू लागला. नोंद चुकली असेल, असं पुटपुटला. मग स्वतःची सही दिसली आणि त्याने पाण्याचा पेला उचलून तसाच खाली ठेवला. मी टाचणीकडे पाहिलं. उपाशी माणसापुढे ताट यावं तशी ती त्याच्याकडे बघत होती.

योजना परत गेली. प्रत्येक पाळीत दोन माणसं हवीतच आणि सभासद न कळवता तपासणीला जातील, असं समितीने कायद्यात घालून घेतलं. त्याचं पद गेलं, खोट्या शपथेचा खटला उभा राहिला. दादावरचा ठपका पुसला गेला.

पण अध्यक्षबाईंनी टाचणीला बोलावून घेतलं. क्रेनवाला तुमचा कोण, असं विचारलं. सख्खा भाऊ, तिने सांगितलं.

"हे आधी लिहून द्यायचा नियम आहे."

"दिलं असतं तर मला बाजूला केलं असतं तुम्ही."

"केलंच असतं. प्रश्न बरोबर होते तुमचे. पण मी कोणाच्या हातातली काठी आहे, हे मला ठाऊक असायला हवं होतं."

टाचणीची बदली लेखनसाहित्याच्या कोठीत झाली.

ठपका पुसल्याचं पत्र ती स्वतः दादाकडे घेऊन गेली. त्याने ते वाचलं, घडी घातली आणि जोडीदाराचं काय झालं ते विचारलं. त्याच्यावरही खटला होता, नोकरी गेली होती.

"तो दर महिन्याला यायचा इथे," दादा म्हणाला. "मागच्या दाराने. रडून जायचा. कधीच माफ केलं होतं मी त्याला. मला एकदा विचारायचंस तरी."

"त्याने मान डोलावताना विचारलं होतं तुला?"

यावर दादा उठून आत गेला. आजही ती त्याच्याकडे गेली की तो दार उघडतो, चहा करायला सांगतो, पण तिच्याशी बोलत नाही. वहिनी मात्र तिचा हात हातात धरून बसते.

भांडारप्रमुखाला शिक्षा सुनावली त्या दिवशी टाचणीने रजा घेतली आणि न्यायालयात पुढच्या बाकावर जाऊन बसली. त्याला बाहेर नेत असताना ती वाटेत उभी राहिली. मी त्याची बहीण, असं तिने सांगितलं. तो गोंधळला.

"कोणाची?"

तिने तारीख सांगितली. गोदामाचा नंबर सांगितला. त्या क्रेनवाल्यालाही घरचं कुणी असेल, हे एवढ्या वर्षांत त्याच्या मनात एकदाही आलं नसावं. मग हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर ते उमटलं, आणि तेव्हाच ती बाजूला झाली.

हे तिने मला कोठीत, पाकिटांचे गठ्ठे मोजताना सांगितलं. बरं वाटलं का, मी विचारलं.

"हो," ती म्हणाली. "फार बरं वाटलं."